औषधाचें नांव

मुंबईच्या कारखान्यांत भरलेली औषधाची बाटली बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्रीसारख्या गांवीं जाऊन पोंचते, तेव्हां तिच्यासोबत वैद्य येत नाहीं. ज्यानें काढा उकळला त्याचा चेहरा उंद्रीच्या गिऱ्हाइकानें पाहिलेला नसतो. त्याची विद्या किती, त्याच्या हाताला यश किती, हें विचारावें तर ओळखीचें माणूस जवळ नसतें. बाटलीवरच्या चिठ्ठीवर दोनतीन शब्द आणि फार तर एखादें चित्र, एवढाच काय तो परिचय. तेवढ्यावर भरवंसा ठेवून चिखली तालुक्यांतला शेतकरी कनवटीचा पैसा सोडतो आणि आपल्या तापलेल्या मुलाच्या तोंडांत तें औषध घालतो. हा भरवंसा उत्पन्न करणें हाच एक स्वतंत्र धंदा आहे. हल्लीं त्यास ब्रँड मार्केटिंग म्हणतात, त्याच्या पदव्या मिळतात, आणि आरोग्याच्या वस्तूंचा व्यापार वाढल्यापासून पुण्या-मुंबईचेच नव्हे तर अकोल्या-बुलढाण्याकडचे तरुणहि त्या पदव्या घेऊन नोकरीस लागतात. परंतु महाराष्ट्रांत ह्या धंद्याचें वय त्या पदव्यांहून पुष्कळ अधिक आहे, आणि ज्यांनीं त्यांत प्रथम हात घातला त्यांना तो कोणत्याहि विद्यालयानें शिकविलेला नव्हता.

जुन्या व्यवस्थेंत औषधाला नांवाची गरजच नसे. वैद्य गांवचा, रोगी गांवचा. पुडीच्या कागदावर एक अक्षर लिहिलेलें नसे. मोल असे तें पुडी देणाऱ्या हाताला. औषध लागू पडलें तर यश वैद्याचें. न पडलें तर दोष प्रारब्धाचा, नाहीं तर पथ्य मोडणाराचा. ह्या व्यवहारांत फसवणूक होत नसे असें नव्हे; पण फसविणारा दुसऱ्या दिवशीं त्याच पाणवठ्यावर भेटत असे, आणि हा कांहीं लहान धाक नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही पुडी गांवाची वेस ओलांडून बाहेर पडली. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग मलकापूर-शेगांवावरून वऱ्हाडांत शिरला. १८७० सालीं जलंबहून खामगांवास फांटा गेला. चिखलीच्या बाजूला लोहमार्ग पोंचला नाहीं. तिकडे पुढचा प्रवास बैलगाडीचा. पण जेथें आगगाडी जात नव्हती तेथेंहि टपाल जात होतें, आणि १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची पद्धति सुरू केल्यावर तर पैसे आधीं पाठविण्याची भीति उरली नाहीं. पार्सल दारांत यावें, पोस्टमनाच्या हातीं पैसे मोजावे आणि बाटली घरांत घ्यावी. आतां औषध करणारा एका टोकाला आणि घेणारा दुसऱ्या टोकाला. मधें शेंकडों मैलांचें अंतर. तें अंतर भरून काढण्यासाठीं वैद्याच्या हाताच्या जागीं कांहीं तरी उभें करणें भाग पडलें. जें उभें राहिलें तें नांव.

१८७२ सालीं पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला आणि त्यास नांव दिलें तें राजापूरजवळच्या श्रीधूतपापेश्वराचें. ह्या निवडींत व्यापाराची केवढी जाण आहे! वैद्याचें नांव वैद्याबरोबर जातें, देवाचें राहतें. शिवाय कोंकणांतून मुंबईस आलेल्या चाकरमान्याला त्या नांवांत आपल्या मुलखाची ओळख पटे. १८९९ सालच्या सांडू बंधूंनीं मात्र कुलनामावरच भिस्त ठेवली, आणि तीहि फुकट गेली नाहीं. गिरगांवांतल्या के. टी. डोंगरे आणि कंपनीचें बालामृत ह्यांहून निराळ्या वाटेनें गेलें. डोंगऱ्यांनीं देवाला साक्षीस बोलाविलें नाहीं. त्यांनीं गुटगुटीत बाळाचें चित्र पुढें केलें. आपलें मूल असें व्हावें असें कोणत्या आईस वाटणार नाहीं? पुढें पुढें तर मराठी घरांत एखादें मूल अंगानें भरलेलें दिसलें म्हणजे तें डोंगरे बालामृताच्या जाहिरातींतलें आहे असें म्हणण्याची रीतच पडली. एखादी जाहिरात लोकांच्या बोलण्यांत अशी मुरली म्हणजे तिचा खर्च केव्हांच वसूल झालेला असतो.

त्याच मुंबईत १८९३ सालीं काशिनाथुनि नागेश्वर राव ह्या आंध्र गृहस्थांनीं अमृतांजन हें मलम विकावयास काढलें. गाण्याच्या बैठकींना जावें आणि जमलेल्या मंडळींस मलमाच्या डब्या फुकट वांटाव्या, ही त्यांची पद्धत सांगतात. रात्रभर जागून डोकें धरलेल्या श्रोत्याला मलमाचा गुण पटविण्यास ह्याहून योग्य जागा ती कोणती! पुढें १९०८ सालीं ह्याच नागेश्वर रावांनीं मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हें तेलुगु साप्ताहिक काढलें आणि १९१४ सालीं तें मद्रासेस नेऊन त्याचें दैनिक केलें. मलमाच्या पैशावर वर्तमानपत्र चाललें, ही गोष्ट त्या काळीं अपवादाची नव्हती. फरक इतकाच कीं इतर संपादक दुसऱ्याच्या मलमावर पत्र चालवीत आणि हे स्वतःच्या.

वर्तमानपत्रांचा आणि औषधांचा हा ऋणानुबंध जुनाच आहे. पहिल्या पानावर देशाच्या दैन्याची चर्चा आणि शेवटच्या पानावर सर्व रोगांवर एकच गोळी, हा थाट मराठी वाचकांच्या परिचयाचा होता. वर्गणीदार थोडे, ते वर्गणी देण्यास मंद, आणि औषधवाला मात्र रोख देणारा. ही अडचण ओळखूनहि गांधीजींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रांत जाहिराती घेण्याचें बंद केलें. असा निग्रह चालविणारे थोडेच निघाले.

शहरांत वर्तमानपत्र पुरेसें होतें. खेड्यांत वाचणारे थोडे. म्हणून तेथें नांवापेक्षां चित्राचा अंमल मोठा. ब्रँड ह्या शब्दासाठीं मराठी बाजारानें फार पूर्वींच ‘छाप’ हा शब्द घडविला तो ह्यामुळेंच. घोडाछाप, सिंहछाप, माकडछाप! काळी दांतांची पावडर घ्यावयास आलेली बाई कंपनीचें नांव सांगत नसे. ती ‘माकडछाप’ मागे, आणि माकड उलट्या बाजूस तोंड करून बसलेलें दिसलें तर डबी परत करी. नकली माल विकणारे हें जाणून होते. त्यांच्या डब्यांवरचीं माकडें, घोडे आणि देव हे मूळच्या चित्रांशीं नात्यांतले भासत. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यानें खोट्या छापाला दंड ठेवला; पण छापावर मालकाचा हक्क नोंदवून घेणारा ट्रेड मार्क्स कायदा हिंदुस्थानांत व्हावयास १९४० साल उजाडावें लागलें.

नांवाची चोरी कायद्यानें थांबविली. पण नांवाच्या आडून सांगितलेल्या थापांचें काय? तिकडे सरकारची दृष्टि वळण्यास आणखी वेळ लागला. मधुमेह, क्षय, वंध्यत्व ह्यांवर खात्रीचे इलाज सांगणाऱ्या जाहिराती दरमहा छापून येत. रोग जितका असाध्य, तितकी खात्री दांडगी. अखेर १९५४ सालीं औषधें व जादूचे इलाज ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला आणि ठराविक रोग बरे करण्याचा दावा जाहिरातींतून करण्यास बंदी झाली. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्यानें त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. मनुष्यास बोलण्याचें स्वातंत्र्य आहे तर आपल्या औषधाचे गुण सांगण्याचें कां नसावें, हा प्रश्न दिसावयास सरळ होता. १९५९ च्या डिसेंबरांत न्यायालयानें कायद्याचा कांहीं भाग रद्द केला, पण मुख्य गोष्ट कायम ठेवली. निषिद्ध औषधांची जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे. विचार प्रकट करण्याच्या स्वातंत्र्याची ढाल तिला मिळत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. ह्यापुढें औषधाचें नांव करूं पाहणाराला कवीची मुभा राहिली नाहीं.

हा कायदा होण्याच्या दोनच वर्षें आधीं, १९५२ सालीं, मुंबईच्या परळ भागांत केशव विष्णु पेंढरकर यांनीं दांतांचें चूर्ण करावयास आरंभ केला. पेंढरकर हे मूळचे दुकानदार. नागपुरांत त्यांचें किराणा मालाचें लहानसें दुकान होतें. तें सोडून ते मुंबईस आले आणि तेथें निरनिराळे उद्योग करून पाहिल्यावर ह्या चूर्णाशीं येऊन ठेपले. दुकानदारीचा हा पूर्वेतिहास दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें हातांत तागडी धरली आहे त्यास गिऱ्हाईक कोणती वस्तु नांवानें मागतें, कोणती नुसती ‘चांगली असेल ती द्या’ म्हणून नेतें, आणि कोणत्या वस्तूचा भाव ऐकून हात आंखडतें, हें जसें कळतें तसें तें पुस्तकांतून कळत नाहीं.

परळच्या बिऱ्हाडांत तीन खोल्या होत्या. स्वयंपाकघरांत चूर्ण होऊं लागलें. उरलेल्या जागेंत कचेरी, माल आणि कुटुंब. कंपनीचें नांव भारदस्त ठेवलें: विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. तीं आद्याक्षरें जुळवून ‘विको’ हा सुटसुटीत शब्द निघाला, आणि त्यापुढें ‘वज्रदंती’ हें चूर्णाचें नांव लागलें. वज्रदंती म्हणजे कुंपणाला फुलणारी आपली कांटेरी कोरांटी. कोरांटीचें चूर्ण असें म्हटलें असतें तर शहरी गिऱ्हाइकानें नाक मुरडलें असतें. नुसतें विको म्हटलें असतें तर तो परदेशी मालाचा भाऊबंद वाटला असता. दोन्ही शब्द एकत्र आल्यानें घरांतील इंग्रजी शिकलेल्या मुलाला आणि दांतांना राखुंडी लावणाऱ्या त्याच्या आजीला एकाच वेळीं हांक मारतां आली. पेंढरकरांनीं हें सर्व असें तोलून केलें असेल किंवा नसेल. परिणाम मात्र असा झाला.

त्या वेळचें तोंड धुण्याचें शास्त्र मोठें बहुरंगी होतें. कोणी बाभळीची किंवा लिंबाची काडी चावी, कोणी मीठ लावी, पुष्कळ घरांत राखुंडी, बायकांत मिसरीचें व्यसन. ह्या सर्वांवर मात करावयास १९३७ पासून कोलगेटची टूथपेस्ट हिंदुस्थानांत आलेली. पांढरी, फेंसाळ, गोड वासाची. सुधारलेल्या मनुष्याची खूणच ती! अशा बाजारांत तुरट चवीचें तपकिरी चूर्ण घेऊन जाणें म्हणजे लग्नाच्या पंगतींत काढ्याचा पेला फिरविण्यासारखें होतें. पेंढरकर आणि त्यांचे मुलगे मुंबईत दारोदार हिंडले. जाहिरातीस पैसा नव्हता. होते ते पाय. दार उघडणाऱ्या गृहिणीला काय पटतें, कोणत्या शब्दाला ती मान हलविते आणि कोणत्या शब्दाला दार लावते, हें त्यांस दररोज शेंकडों दारांत समजत होतें. आजच्या कंपन्या अशी माहिती गोळा करण्यासाठीं निराळें खातें ठेवतात.

केशवरावांचे चिरंजीव गजाननराव औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर होते. बापाजवळ बाजाराचें ज्ञान आणि मुलाजवळ प्रयोगशाळेचें, असा योग जुळून आला. चूर्णापाठोपाठ वज्रदंतीची टूथपेस्ट निघाली. १९७१ सालीं केशवराव वारले आणि कारभार गजाननरावांकडे आला. माल करणारा आणि मालाचें नांव करणारा एकाच घरांतला असणें, किंबहुना पुष्कळदां एकच मनुष्य असणें, हें ह्या काळाचें लक्षण होतें. जाहिरातींतला शब्द लिहितांना खलांत काय पडतें हें त्याला ठाऊक असे. पुढें हीं दोन कामें वेगळीं झालीं. नांव करणारा शहराच्या एका टोकाला, कारखाना दुसऱ्या टोकाला. धंदा त्यामुळें वाढला हें खरें. पण दोघांच्या मधें पुन्हां एक अंतर पडलें, आणि तें भरून काढणारा व्ही. पी. पोस्टमन अजून निघालेला नाहीं.

ह्या घराण्याची कीर्ति देशभर पोंचली ती मात्र पायांनीं नव्हे, कानांनीं. आकाशवाणी त्या काळांत जाहिराती घेत नसे. म्हणून १९५२ पासून सिलोन रेडिओवर बिनाका टूथपेस्टच्या नांवानें गीतमाला सुरू झाली आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ एका दंतलेपानें सारा देश रेडिओपाशीं बसविला. देशी दंतचूर्णवाल्यांनीं हें पाहिलें नसेल असें कसें म्हणावें? १ नोव्हेंबर १९६७ रोजीं विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पहिलीं केंद्रें मुंबई, पुणें आणि नागपूर. तिन्ही महाराष्ट्रांतलीं! नागपूरचा आवाज वऱ्हाडांत ऐकूं येणारा. वाचतां न येणाऱ्या मनुष्यापुढें आजवर फक्त चित्र होतें. आतां त्याच्या कानांत नांव पडूं लागलें, तेंहि चालीवर. चित्र डबीवर राहतें. चाल जिभेवर बसते. खेड्यांतल्या फळीवर कोणता माल असावा हें त्यानंतर दुकानदाराऐवजीं गुणगुणणारीं पोरें ठरवूं लागलीं. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शननेंहि जाहिराती घेतल्या, आणि १९८४ सालीं ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका विकोच्या पुरस्कारानें चालूं लागली, तेव्हां दर आठवड्यास तें नांव घराघरांतल्या दिवाणखान्यांत येऊन बसलें.

मध्यंतरीं १९७५ सालीं विकोनें हळदीचें क्रीम काढलें होतें. हळद आणि चंदनाचें तेल ह्यांचें तें मिश्रण. बाजारांत तोंडाला लावावयाचीं सर्व क्रीमें पांढरीं; हें पिंवळें. गिऱ्हाइकाची पहिली शंका अर्थात् ही, कीं तोंड पिंवळें होईल, कपड्यांस डाग पडेल. ह्या शंकेचें उत्तर जाहिरातीच्या शब्दांत देणें कठीण होतें. तेव्हां विकणारे आरसा बरोबर घेऊन जात, गिऱ्हाइकाच्या तोंडावर क्रीम लावीत आणि आरसा समोर धरीत, असें सांगतात. ही युक्ति खरोखर उत्तम. ज्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाहीं ती शब्दांनीं पुन्हां पुन्हां सांगण्यापेक्षां लोकांच्या डोळ्यांना पाहूं द्यावी, हें फार थोड्या जाहिरातदारांस सुचतें.

पण हळद! तिच्याइतकी सर्वांच्या मालकीची दुसरी कोणती वस्तु असेल? लग्नांत ती अंगाला लागते, जखमेवर ती दाबली जाते, दुधांत ती पडते. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून काढण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट मिळालें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ आणि लेख पुढें करून १९९७ सालीं तें रद्द करविलें. हें ज्ञान नवें नाहीं, आमच्या आज्यांचें आहे, असा त्या वादाचा मथितार्थ. म्हणजे हळदीवर कोणाचाच हक्क नाहीं. हळदीच्या क्रीमवाल्याजवळ स्वतःचें म्हणून जें कांहीं होतें तें कृतीचें कौशल्य आणि डबीवरचें नांव. जें प्रत्येक घरांत फुकट आहे तेंच डबींत भरून विकावयाचें, आणि तरीहि घेणाराला आपण फसलों असें वाटूं द्यावयाचें नाहीं. ब्रँडचा धंदा शिकूं इच्छिणारास ह्याहून अवघड धडा मिळणार नाहीं.

ह्या क्रीमची जाहिरात ज्यांनीं ऐकली आहे त्यांना आठवेल कीं तिच्यांत आपण काय आहों ह्याबरोबरच आपण काय नाहीं हेंहि ठासून सांगितलेलें असे: आपण कॉस्मेटिक नव्हे. माल विकतांना असा नकार गाण्यांत घालण्याचें प्रयोजन काय? ऐकणाराला तो अनुप्रासाचा खेळ वाटे. त्याच सुमारास त्या नकाराचा वाद न्यायालयांत चालला होता.

प्रकरण असें होतें. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या त्या वेळच्या व्यवस्थेंत आयुर्वेदीय औषधांस शुल्कांतून सूट होती आणि प्रसाधनांवर शुल्क होतें. वज्रदंतीचें चूर्ण व पेस्ट आणि हळदीचें क्रीम हीं प्रसाधनें आहेत असें शुल्कखात्याचें म्हणणें. हीं औषधें आहेत असें पेंढरकरांचें. कंपनीचा एक कारखाना डोंबिवलीस असल्यानें दावा ठाण्याच्या दिवाणी न्यायालयांत १९७८ सालीं दाखल झाला. १९८२ सालीं तेथें निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. १९८८ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो कायम केला. तोंवर शुल्काची सूची नवी झाली होती. तेव्हां नागपूरच्या शुल्क-अधिकाऱ्यांनीं तोच प्रश्न पुन्हां काढला. २००४ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. वस्तु प्रसाधन आहे हें दाखविण्याचा भार खात्यावर होता आणि तो खात्यानें उचलला नाहीं. सव्वीस वर्षें! ज्या मुलानें पहिल्या दाव्याच्या वर्षीं दांत घासावयास आरंभ केला त्याचींहि मुलें तोंवर शाळेंत जाऊं लागलीं असतील.

ह्याच्या जोडीला विदर्भांतीलच दुसरें प्रकरण ठेवून पाहिलें म्हणजे मौज कळते. श्रीबैद्यनाथ आयुर्वेद भवनाचें लाल दंतमंजन देशभर खपणारें. त्याचाहि प्रश्न तोच: औषध कीं प्रसाधन? १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बैद्यनाथाच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायालयाची कसोटी साधी होती. ग्रंथांत वनस्पतीचें नांव आहे एवढ्यानें वस्तु औषध होत नाहीं. ती विकत घेणारीं सामान्य माणसें तिला काय समजतात तें पाहिलें पाहिजे. औषध वैद्य सांगतो आणि तें ठराविक दिवस घ्यावयाचें असतें. मंजन निरोगी मनुष्यहि रोज सकाळीं लावतो. नव्या सूचीखालीं बैद्यनाथानें पुन्हां प्रयत्न केला, आणि २००९ सालीं पुन्हां तोच निकाल लागला. म्हणजे दोन देशी दंतचूर्णें, दोन्ही आयुर्वेदाचें नांव सांगणारीं, दोन्हींचा शेवटचा तंटा नागपूरच्या शुल्कखात्याशीं. एक औषध ठरलें आणि दुसरें प्रसाधन. कायद्याचे जाणकार दोन निकालांतले भेद दाखवितील, आणि ते भेद आहेतहि. पहिल्यांत पूर्वींच्या हुकूमनाम्याचा आधार होता, दुसऱ्यांत नव्हता. पण सामान्य मनुष्याला ह्यांतून दिसतें तें वेगळेंच. वस्तु काय आहे हें अखेर लोकांच्या बोलण्यावरून ठरावयाचें, असें न्यायालयानें म्हटलें. आणि लोकांच्या बोलण्यांत शब्द घालणें हेंच तर जाहिरातदाराचें काम! आपण कॉस्मेटिक नव्हे हें जें घरोघर गुणगुणलें गेलें, तें एकाच वेळीं विक्रीचें गाणें होतें आणि फिर्यादीचें म्हणणेंहि.

येथें एक शंका घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्या गाण्यांत मुरुमांचें नांव होतें हें खरें. पण पडद्यावर दिसे तो रोगी नव्हे, सुंदर चेहरा दिसे. लोक क्रीम लावीत तें बरें होण्यासाठीं कीं बरें दिसण्यासाठीं? बहुतेकांस स्वतःलाहि सांगतां आलें नसतें. त्यांत विकणाराचा सगळा दोष नाहीं. आपल्या जुन्या वैद्यकांतच वर्ण्य म्हणून कांति सुधारणाऱ्या द्रव्यांचा एक वर्ग आहे. आरोग्य आणि कांति ह्यांच्या मधें तेथें भिंत नाहीं. भिंत बांधली ती शुल्काच्या सूचीनें. मात्र ज्याला त्या भिंतीच्या एका बाजूस उभें राहून दुसऱ्या बाजूचा माल दाखवावयाचा आहे, त्यानें दोन्हीकडे जबाब देण्याची तयारी ठेविली पाहिजे. पेंढरकरांनीं ती ठेवली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ वकिलांच्या पायऱ्या चढणें हा त्या तयारीचा खर्च होता.

अशी तयारी सर्वांजवळ असते असें नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला; जाहिरातींत तोंड दाखविणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसहि त्यांतून मोकळें सोडलें नाहीं. २०२४ च्या एप्रिलांत पतंजलीसारख्या प्रचंड संस्थेच्या चालकांवर, रोग बरे करण्याच्या जाहिरातींबद्दल, सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून वर्तमानपत्रांत क्षमापत्रें छापण्याची पाळी आली. पहिलें क्षमापत्र फार लहान छापलें म्हणून न्यायाधीशांनीं विचारलें, कीं तें तुमच्या जाहिरातींएवढें मोठें आहे काय? मग दुसरें मोठें छापलें गेलें. एकोणिसाव्या शतकांतल्या सर्वरोगहर गोळीवाल्यास असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

गजाननराव पेंढरकर २०१५ सालीं वारले. त्यांचे बंधु यशवंतराव २०२४ सालीं, नागपुरांत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या चौकाला लोक विको नाका म्हणतात आणि त्याच गांवीं केशवरावांच्या नांवाचें महाविद्यालय आहे. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकीं ज्यांना औषधांच्या नांवांच्या ह्या धंद्यांत जावयाचें असेल त्यांच्यापुढें जुना प्रश्न नव्या आंकड्यांत उभा राहिला. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां आयुर्वेदीय औषधांस बारा टक्के आणि सौंदर्यप्रसाधनांस आरंभीं अठ्ठावीस टक्के दर लागला. प्रसाधनांचा दर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अठरावर उतरला, तरी अंतर राहिलेंच. त्यामुळें उंद्रीच्या दुकानाच्या फळीवर जी डबी जावयाची तिच्या चिठ्ठीवर ‘आयुर्वेदीय औषध’ हे दोन शब्द घालावयाचे कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं चिठ्ठीचा मजकूर छापखान्याआधीं वकिलाकडे जाऊन येतो.